झाडलेलं वावर

"पाहुना येऊन राह्यला, आंगन तं झाडा!" शेजारच्या मावशीचं हे वाक्य मेडशीत आमच्या गल्लीतल्या लहानथोरांना पाठ होतं. पदर कमरेला खोचायचा आणि खराटा उचलायचा. पाहुणा कोण, हे ती बघायचीच नाही. एकदा वायरमन तिची लाइन कापायला आला, तर हिने त्याच्यासाठीही सडा टाकला.

"मावशी, तो लाइन कापाले आला!" मी ओरडलो.

"मंग? दारात आला म्हंजे पाहुनाच ना बाप्पा!"

वायरमन चहा प्याला, लाइन कापली आणि गेला. आता सांगा, अशा बाईला काय म्हणावं?

तिला घोर एकच. एकुलता एक पोरगा दरवर्षी पुण्याला बांधकामावर जायचा. "औंदा सोयाबीन झालं का त्याले जाऊ देत नाही," म्हणायची.

ऐन शेंगा भरताना नाल्याला पूर आला. तिचं आणि माझं वावर धुऱ्याला धुरा लागून, मधे एकच बांध. दोन्हीकडचं पीक गाळात सडलं. पण पीक विमा दोघांनीही काढला होता. कंपनीचे साहेब पाहणीला येणार, असा निरोप आला.

"इमा भेटला तं पोरगा घरीच राह्यते," मावशी हरखून म्हणाली.

त्या दिवशी मी साहेबांना घेऊन वावरात गेलो, तर मावशी चहाची किटली घेऊन धुऱ्यावर उभी. वावर चकाचक! सडलेलं सोयाबीन उपटून नाल्यात टाकलेलं, काडीकचरा वेचलेला.

"हे काय केलं वं मावशी?"

"साहेब येऊन राह्यले नं. घान वावर दाखवू का त्याहिले?"

मी साहेबांशी भांडलो. साहेबही बिचारा हिरमुसला. "यंदा गावोगावी पूर. भरपाई देता देता कंपनीच्या नाकी नऊ आलेत, वरचे लोक एकेक फोटो तपासतात. रिकाम्या वावराचं नुकसान मी कसं लिहू?"

माझं वावर माझ्या आळसापायी तसंच घाण मारत पडलं होतं. मला विमा मिळाला, तिला नाही. देवा, हा कुठला न्याय!

पोरगा पुण्याला निघाला, म्हातारीला एकटं कसं ठेवायचं म्हणून तिलाही घेऊन गेला. "पेरनीले येतोच आमी," ती म्हणाली होती.

पेरणी झाली, ती आली नाही. काल पोराचा फोन आला. त्याला धड बोलताही येईना. मावशी गेली, तिला घरी घेऊन येतोय, एवढंच कळलं.

सकाळी तिच्या अंगणात गेलो. गुडघाभर गवत. खराटा भिंतीला होता तसाच टेकलेला. गवत उपटलं, झाडायला लागलो, पण रडू आवरेना. गाडी तालुक्याला, मालेगावपर्यंत आली, असं कोणीतरी सांगितलं. मी डोळे पुसले आणि हात चालवला.

पाहुनी येऊन राह्यली होती.