घाटा गार करणाऱ्या विमलअक्का

विमलअक्कांनी पहिल्याच भेटीत माझा पातेलंभर घाटा वाया घालवला, आणि वर त्या टाळ्या वाजवून हसल्या. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला होता, की पुढे ही बाई माझ्या जिवाभावाची होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला गच्चीवरून खाली पाठवलं असतं.

झालं असं. जळगावच्या मेहरूणमध्ये आमच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात आम्ही सात-आठ जणी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला जमतो. ज्वारीचं पीठ तीळ-जिरं घालून शिजवायचं, त्या घाट्याचा गरम गोळा ओल्या धोतरावर ठेवायचा आणि हातानं थापत पातळ पसरायचा. चटके बसतात, पण थांबायचं नाही. घाटा एकदा गार झाला की त्याची बिबडी होत नाही.

त्या वर्षी शेजारच्या घरात धुळ्याहून एक बाई राहायला आल्या होत्या. उंच, सडसडीत, चष्म्याला काळी दोरी. जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "मी विमल. मला बिबड्या येत नाहीत. तुम्ही करा, मी वाचते." पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून त्यांनी एक जुना दिवाळी अंक उघडला. एका पोस्टमनची गोष्ट होती. तो एका बाईचं पत्र आठ दिवस पिशवीतच घेऊन फिरतो, तिच्या दारावरून रोज जातो, पण देत नाही. आमचे हात कधी थांबले ते आम्हाला कळलंच नाही. गोष्ट संपली आणि मी पातेल्यात हात घातला, तर घट्ट गोळा!

"अहो बाई, माझा घाटा!" मी ओरडले.

अक्का उठल्या, त्यांनी पातेल्यात बोट खुपसून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! "गार झाला! खरंच गार झाला व माय!" पिशवीतून वही काढून त्यांनी गोष्टीचं नाव, लेखकाचं नाव, गाव लिहिलं आणि पुढे मोठ्या अक्षरात 'गार'.

मग कळलं की बाईंनी धुळ्याच्या एका वाचनालयात पुस्तकं देत-घेत सगळी नोकरी केली. तिथं लहानपणी पुस्तकं न्यायला येणारी मुग्धा नावाची मुलगी आता मुंबईत सिनेमे आणि मालिका काढणाऱ्या एका कंपनीत होती. सिनेमा करण्याजोग्या गोष्टी शोधायचं तिचं काम. तिनं अक्कांना फोन केला, "अक्का, इकडे सगळे तीच ती चार पुस्तकं वाचतात. तुम्ही काहीतरी शोधा ना, कुणी न वाचलेलं." झालं! अक्कांनी वाचनालयानं काढून टाकलेले जुने अंक पोत्यांनी आणून घर भरलं. मासिकं, जिल्ह्याच्या पत्रांच्या पुरवण्या, शाळांची वार्षिकं, गावच्या शताब्दीच्या स्मरणिका. पलंगाखाली अंक, फ्रीजवर अंक. देवघरातही दोन होते, तिथं वाळवी लागत नाही म्हणे.

मी सातवी शिकलेली. वाचायची गोडी अक्कांनीच लावली. दुपारी मी भाजी निवडायला त्यांच्याकडे जायची आणि त्या माझ्यापुढे अंक टाकायच्या. मी म्हणायची, "अक्का, ही बघा, किती सुंदर लिहिलंय. तिच्या मनात काय काय येतं!" त्या चष्म्यावरून बघायच्या. उत्साहात आल्या की त्यांच्या तोंडी धुळ्याची अहिराणी यायची. "भाषा गोड शे, पन त्यामा दिसस काय? मनात आलेलं कॅमेऱ्याला दिसत नाही, सुमन. ती बाई हातानं काय करते ते सांग." मी परत वाचायची. बाई नुसती खिडकीत बसलेली असायची. "बसू दे तिला," अक्का म्हणायच्या आणि अंक मिटायच्या.

सहा-सात वर्षं त्या मुंबईला गोषवारे पाठवत राहिल्या. तिकडून उत्तर यायचं, 'छान आहे, पण...' अक्का मला म्हणायच्या, "'पण'च्या पुढचं मी वाचतच नाही." हसत म्हणायच्या, पण मला माहीत होतं, दर वेळी त्या आठ दिवस गच्चीवर यायच्या नाहीत. एक तरी गोष्ट आपल्या हातून पडद्यावर जावी, एवढीच त्यांची एक इच्छा होती.

आणि मग 'माझी कापसाची गाडी' सापडली.

चार पानांचा लेख. लेखिका सौ. द्वारका, खाली जामनेर तालुक्यातल्या एका खेड्याचा पत्ता. नवऱ्याच्या पायावर बैलानं पाय दिला, हाड मोडलं, घरात वेचून ठेवलेला कापूस. तेव्हा ही तरणी बाई स्वतः गाडी जुंपते, नदी ओलांडून जामनेरच्या बाजारात जाते, आणि तिथले पुरुष आधी हसतात नि मग बाजूला होऊन तिला वाट देतात. अक्कांनी वाचलं आणि उभ्याच राहिल्या. "माले बठ्ठं दिसनं, सुमन! सगळं, सगळं! बैलांची शिंगं दिसली, तिचा खोचलेला पदर दिसला!" तिसऱ्या दिवशी मुग्धाचा फोन. 'पण' नव्हताच! "अक्का, सगळ्यांना आवडलंय. सोमवारी मीटिंग आहे. त्याआधी लेखिकेचा होकार पाहिजे."

शनिवारी सकाळी आम्ही जामनेरच्या गाडीत. अक्कांनी चष्मे दोन घेतले आणि पाण्याची बाटली विसरल्या. सगळ्या रस्त्यानं कंडक्टरला गोष्ट सांगत होत्या. तो म्हणाला, "मावशी, तिकीट तर घ्या आधी."

गाव छोटं. घर लगेच सापडलं, कारण ओट्यावर एक म्हातारबा अंक मांडीवर घेऊन आमची वाटच बघत बसले होते. हे द्वारकाबाईंचे यजमान, सोपानआबा. अक्कांनी सरपंचाकरवी निरोप पाठवला होता, तो आबांनी आख्ख्या गल्लीला वाटला होता. पाच-सहा जण ओट्याखाली उभेच होते.

"या, या. लेख माझाच शे!" आबा म्हणाले.

अक्का गोंधळल्या. "तुमचा? नाव तर..."

"नाव हिचं. लिहिलं मी. ती स्पर्धा बायकांची होती ना, मंग काय करता? हिनं सांगितलं तसंच लिहिलं. दुसरा नंबर आला!"

द्वारकाबाई दारात उभ्या. बुटक्या, गोऱ्या, हातात सूप. अक्कांनी त्यांना विचारलं, "बाई, हा लेख तुम्हाला कुणी वाचून दाखवलाय का?"

"नाही व माय. मले कुठं वाचता येते? ह्यायनं सांगतलं तुझं नाव छापून आलं, म्या पेढे वाटले."

"मग होकार देण्याआधी ऐका तर," असं म्हणून अक्कांनी वाचायला सुरुवात केली. काय आवाज लावला होता त्या दिवशी! बैल जुंपले, वेस ओलांडली, सगळं ओट्यावर उभं राहिलं. 'मी नदीत गाडी घातली आणि बाणासारखी पैलतीराला गेले' हे वाक्य आलं आणि द्वारकाबाई सूप ठेवून आत निघून गेल्या. आम्हाला वाटलं, चहा ठेवायला गेल्या. लेख संपला तरी आल्या नाहीत. मग आम्ही दोघी आत गेलो.

त्या चुलीपाशी नुसत्याच बसल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "ते असं नव्हतं झालं व."

"मग कसं?"

"गाडी उलटली होती. पात्रातल्या खड्ड्यात चाक गेलं. सगळा कापूस पाण्यात. मी मधोमध उभी राहून बोंब मारली." काठावर पलीकडच्या गावातल्या लग्नघरच्या बायका धुणं धूत होत्या. त्या तशाच पाण्यात धावल्या. कुणी बैल सोडले, कुणी लुगड्याच्या ओच्यात कापूस भरून आणला. वाळूवर टाकावा तर रेती लागते. मग त्यांनी आपली धुतलेली लुगडी खडकांवर अंथरली आणि त्यावर तो कापूस पिंजून पिंजून पसरला. लाल लुगडं, हिरवं लुगडं, जांभळं, आणि वर पांढरा कापूस. दिवसभर त्या सगळ्या जणी उन्हात बसून कापूस खालीवर करत राहिल्या. लग्नघरचं धुणं तसंच पडलं. दुसऱ्या दिवशी गाडी बाजारात गेली. "तिथं कोन वाट देते व? रांगेत उभी राहिली मी सगळ्यायसारखी."

मी अक्कांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले आणि वही हातात उघडी होती. ही गोष्ट छापलेल्या गोष्टीच्या दहापट होती, हे मला सातवीवालीलाही कळत होतं.

"पन ह्यायले नका सांगू," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी त्याच दिवशी बाजारात गेली नि मैतरणीकडं मुक्काम केला, असंच तवा सांगेल हाय. ह्यायचा पाय मोडेल होता. वरून गाडी उलटली म्हणून काय सांगू?"

अक्कांनी वही मिटली. "नाही सांगत. कुणालाच नाही सांगत."

मी त्यांना बाजूला ओढलं. "अक्का, अहो, सात वर्षांनी 'पण' आलेला नाही! आबांनी लिहिलेलीच गोष्ट मुंबईला जाऊ द्या ना. बाई त्याला नाही म्हणतील का?"

"ती झालीच नाही ना, सुमन. आता मला ती दिसायचीच बंद झाली." आणि त्या बाहेर गेल्या. मी मागे. त्यांनी हात जोडले. "आबा, सिनेमाचं काही जमायचं नाही. लेख छान आहे. येतो आम्ही."

आबांनी अंक मिटला. गल्लीतल्या माणसांकडे बघेनात. कुणीतरी खाली खुसफुसलं, "म्हटलं होतं ना, आबाच्या नुसत्या गप्पा." आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, बस्स. अक्का पायऱ्या उतरल्या.

"अवो, ऐकलं का?" मागून आवाज आला. द्वारकाबाई उंबऱ्यात. "गाडी उलटली होती."

आबांनी वळून बघितलं. "कोनती गाडी?"

"आपली. कापसाची."

 आबांनी अंक मांडीवरून खाली ठेवला. मग शेतकऱ्यानं विचारावा तोच प्रश्न त्यांनी विचारला. "कापूस भिजला?"

"सगळा."

"मंग वाळला कसा?"

आणि बाईंनी सगळ्या गल्लीसमोर सांगितलं. लुगड्यांचे रंग सांगितले, बायका काय काय बोलल्या ते सांगितलं, एकीनं उन्हात बसून नवऱ्याच्या नावानं काय शिव्या घातल्या त्याही सांगितल्या. गल्ली हसायला लागली. आबा हसत नव्हते. "आन् चाळीस वर्सं मले बोलली नाही तू?"

"तुमचा पाय मोडेल होता. मन कशाले मोडू?"

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली. "मी तुझ्या नावानं खोटं छापलं, तू मह्यापाशी खोटं बोलली. फिटंफाट!" मग म्हणाले, "त्या बायका कोन होत्या? नावं सांग. मी लिहितो. या टायमाले बरोबर लिहितो."

द्वारकाबाई बोटं मोजायला लागल्या. अकरा नावं निघाली. "माझी गाडी उलटलेली दाखवायची तर दाखवा," त्या अक्कांना म्हणाल्या, "पन ह्या अकराच्या अकरा जणी दिसल्या पाहिजेत. नावानिशी. नाही तं मी अंगठा देत नाही."

अक्कांनी तिथूनच मुग्धाला फोन लावला. घाबरलेल्या होत्या, कारण मुंबईला आवडली होती ती तर दुसरीच गोष्ट. "मुग्धा, लेख खोटा निघाला," त्यांनी एकदम सांगून टाकलं. आणि लगेच पुढे, "खरं काय झालं ते बाईंकडूनच ऐक." फोन द्वारकाबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो तोंडासमोर ताटासारखा धरला आणि परत पहिल्यापासून सांगितलं, जरा जास्तच रंगवून. संपल्यावर मुग्धाचा आवाज आला, तो धापा टाकत होता. "थांबा, थांबा हां! मी सगळ्यांना बोलावते. परत एकदा सांगाल का?"

ओट्याखाली अशी आरोळी उठली, की बांधलेली म्हैस दावं तोडायला बघायला लागली!

पुढच्या हिवाळ्यात त्याच नदीवर चित्रीकरण झालं. अकरांपैकी दोघी हयात होत्या. आबांनी त्यांना शोधून आणलं आणि खुर्च्यांवर बसवलं. अकरा जणींच्या जागी गावातल्या बायका घेतल्या, आणि एका जागी मी. हो, मी! जांभळं लुगडं माझं होतं. कापसानं नदीचं सगळं पात्र पांढरं झालं तेव्हा अक्का छत्रीखाली उभ्या होत्या. मी ओल्या पायांनीच धावत गेले. "अक्का, बघितलं का तुमचं?"

"माझं काय व त्यात?" त्या म्हणाल्या. "छापलेलं सगळ्यांनाच सापडतं. मी फक्त जिचं होतं तिला वाचून दाखवलं." आणि लहान पोरीसारख्या नाचल्या, खरंच नाचल्या, वाळूत, चप्पल हातात घेऊन.

सिनेमा तयार व्हायच्या आधीच अक्का गेल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी नव्हत्या. आता सिनेमा आलाय. शेवटी अकरा नावं एकेक करून येतात, घाई न करता. त्यांच्याही नंतर अक्कांचं नाव येतं. मी थिएटरात तीनदा जाऊन बघितला. तिन्ही वेळा शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून म्हणाले, "ह्या आमच्या अक्का."

त्यांची पोती आता माझ्या घरात आहेत. गेल्या महिन्यात एका स्मरणिकेत पाचोऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा लेख सापडला, रेल्वेच्या फाटकाजवळ भरवलेल्या शाळेचा. मी वाचला आणि उभीच राहिले. मुग्धा रोज विचारते, "सुमनकाकू, काही मिळालं का?" मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला जातेय. आधी बाईंना वाचून दाखवते.