आईला अन्य भाषा येत नव्हती

गुरुवारी आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्याआधीच्या रविवारी ती उल्हासनगरला, कॅम्प चारच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये गुडघे टेकून बसली होती. डॉक्टरांनी आराम सांगितला होता. पण आईला जीव वाचण्यापेक्षा तारणाची, मेल्यानंतर आत्मा वाचण्याची काळजी जास्त. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर दातओठ खात बसले होते.

आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला, बौद्ध. बाबा गेल्यावर आई खचली, तेव्हा शेजारच्या मल्याळी काकू तिला इथे घेऊन आल्या. इथे ती पोटभर रडली आणि सावरली, हे मी नाकारत नाही. तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा मावशीने फोनवरच झाडलं, "बावीस प्रतिज्ञा काय खुंटीला टांगल्यास?" आईने ऐकून घेतलं, मी मात्र मावशीशी कडाकडा भांडले. मला देवाचं सोयरसुतक नव्हतं, पण आईला कुणी बोललेलं खपायचं नाही.

घोडं अडलं ते अन्य भाषेपाशी. पास्टर म्हणायचे, पवित्र आत्मा आला की माणूस न शिकलेल्या भाषेत बोलू लागतो. ते झालं नाही तर तारण झाल्याचा पुरावा काय? काकू त्या भाषेत बोलल्या, कालपरवा आलेली कॉलेजची पोरगी बोलली. आई राहिली. भाजी निवडतानाही ती ओठ हलवून बघायची, आणि मला तिचाही राग यायचा, पास्टरांचाही.

त्या रविवारी तिला मधे बसवून सगळ्यांनी तिच्या डोक्याखांद्यावर हात ठेवले. "हालेलूया बोलो सिस्टर, जल्दी जल्दी, रुको मत!" पास्टर ओरडत होते. खालच्या मजल्यावर जीन्स शिवायच्या मशिनी धडधडत होत्या. हालेलूया म्हणता म्हणता आईची बोबडी वळली, ओठ निळसर दिसायला लागले. मी उठले. "बस करा! तिला धाप लागलीये!" कुणी माझ्याकडे बघितलंही नाही.

आणि आईच्या तोंडून शब्द यायला लागले. लयीत, न अडखळता.

"मिल गया!" पास्टरांनी टाळी वाजवली. बायका रडायला लागल्या. मी मात्र ओळखलं, ती पाली होती. लहानपणापासून विहारात म्हटलेली वंदना. दमलेल्या जिवाच्या तोंडी मुरलेलं तेच आलं होतं. तिथे सगळे सिंधी, मल्याळी, यूपीचे, कुणाला कळणार? मी गप्प राहायचं ठरवलं. मिळू दे तिला तिचा पुरावा, गुरुवारी निवांत आत जाईल.

आईनेच डोळे उघडले. "पास्टरजी, ये वो नहीं है. ये हमारी वंदना है, बचपन से आती है."

टाळ्या थांबल्या. काकूंनी तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"कोई बात नहीं सिस्टर, अगले संडे..."

"गुरुवार को मर गयी तो मैं किधर जाएगी? वो बताओ."

"प्रार्थना करते हैं."

"पहले बताओ," आई म्हणाली. पास्टर पुढच्या गाण्याची खूण करून वळले.

परतताना रिक्षात तिने विचारलं, "गप्प बसले असते तर बरं झालं असतं का गं?" मी हो म्हणाले.

गुरुवारी सकाळी पास्टर एकटेच हॉस्पिटलमध्ये आले. मी दारातच अडवलं. "तिला आता काही विचारलंत तर याद राखा." आतून आईचा आवाज आला, "येऊ दे त्यांना." ते स्टुलावर बसले, चप्पल काढून.

"सिस्टर, आपने पूछा था. मुझे नहीं मालूम."

"मला पण नाही," आई म्हणाली. "अब करो प्रार्थना. धीरे करना, बाजूवाली सोयी है."

त्यांनी हळू आवाजात, साध्या हिंदीत प्रार्थना केली. तिला ऑपरेशनला न्यायला आले तेव्हा मी विचारलं, "भीती वाटतेय?"

"वाटतेय. पण रविवारसारखी नाही."

आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. डॉक्टर सांगून गेले तेव्हा पास्टर बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारीच होते. मी त्यांच्यावर खेकसले, "बोला ना आता तुमच्या त्या भाषेत!" त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. ते दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले, आमच्या घरातल्या माणसासारखे.