भिंत तपासायला गेलो अन् सोयरीक अडवली

आता तो चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल! मी वास्तुकला शिकवतो. भूकंप आला तर जुन्या गावातलं कुठलं घर आधी पडेल, हे ओळखायला पोरांना शिकवायचं. या उद्योगात मी एकाचं लग्न मोडणार होतो!

सिहोऱ्याकडच्या एका गावात आम्ही जीप भरून गेलो. एका मोठ्या मातीच्या, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या घरासमोर उतरतो न उतरतो तोच घरधनी डोमाजीभाऊ धावत आले. "या जी, या! पाय धुवा!" मागोमाग पोहे, चिवडा, लाडू. मला वाटलं, सरपंचांनी आमची चांगलीच वर्दी दिलेली दिसते. मी दोनदा पोहे मागून घेतले.

पोरं कामाला लागली. कुणी भिंत ठोकून बघतंय, कुणी टेप लावतंय. कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टात डोमाजीभाऊंचा मुलगा राजू घामाघूम उभा.

"लय बारकाईनं पाहून राहिले जी तुमी!" डोमाजीभाऊ म्हणाले.

"पाहावंच लागतं. जिवाचा प्रश्न आहे."

"बराबर हाये!"

आमच्या एका विद्यार्थिनीनं शिकवल्याप्रमाणे विचारलं, "काका, रात्री कोण कुठे झोपतं?"

डोमाजीभाऊ चक्क लाजले. "राजू सध्या ओसरीत झोपते. लगन झालं का वरची खोली त्याईलेच!"

किती मोकळा माणूस, असं मला वाटलं. माझी अक्कल बघा!

शेवटी त्यांनी हात जोडून विचारलं, "मंग? घर कसं वाटलं जी?"

विद्यार्थ्यांसमोर मास्तराला कोण थांबवणार? मी छाती फुगवून म्हणालो, "ही भिंत पहिल्याच हादऱ्यात बाहेर पडेल. माझी मुलगी मी या घरात एक रात्र ठेवणार नाही!"

राजूच्या आईनं लाडवांचं ताट उचललं. राजू म्हणाला, "बाबा, हेबी स्थळ गेलं!"

आणि दारात कोण? कारध्याहून जीप भरून स्थळ बघायला आलेले खरे पाहुणे! पुढे मुलीचे मामा. "कोणती भिंत पडते जी?"

डोमाजीभाऊ माझ्याकडे वळले. "मंग तुमी कोण हो?"

"आम्ही... भूकंपवाले."

"भूकंप तं तुमीच आनला न जी!"

राजूचा चेहरा बघवेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांचा हात धरून मी त्यांना आत नेलं. "हे सागवानी खांब बघा. छप्पर यांच्यावर आहे, भिंतीवर नाही. भिंतीला आधार द्या, घर तगेल." हेही खरंच होतं हो, फक्त शेखी मिरवण्याच्या नादात मी खांबांपर्यंत पोचलोच नव्हतो!

मामांनी खांब हलवून बघितला. "पक्कं न जी?"

"एकदम पक्कं!"

सोयरीक जमली. भिंतीलाही आधार मिळाला. लग्नानंतर राजूकडच्या स्वागत समारंभात मानाची खुर्ची मला, त्याच छपराखाली. मी बुंदीचा घास घेतला आणि अंगणात डीजे सुरू झाला. वरचे कवेलू खडखडले. "पळा!" असं ओरडत, प्लेटीसकट रस्त्यावर पोचलेला पहिला माणूस मी. पहिला आणि एकटाच.

मामा पांढरेफटक. "डोमाजीभाऊ, घर हाललं का जी?"

डोमाजीभाऊ बुंदी वाढत म्हणाले, "नाई जी. घर जागच्या जागी हाये. सर हालले."