तुळशीरामची पाटी

चर्चगेट स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर जेवणाचे डबे पाटीत लावून झाले आणि तुळशीराम वाळुंजने पाटीखाली डोकं घातलं. उठताना गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली. पाटी कलली. शेजारच्या गेनूने ती वरच्यावर धरली, नाहीतर कुणाकुणाची आमटी रस्त्यावर सांडली असती.

"पाय गेला माझा," म्हणत तुळशीराम मटकन खाली बसला.

मुकादम लक्ष्मणमामांनी आधी डब्यांच्या झाकणांकडं पाहिलं. झाकणांवरच्या पत्त्याच्या रंगीत खुणा सगळ्यांनाच पाठ.

"गेनू, लाल खुणेचे तू घे. हिरवे रामभाऊला दे. बँकेतले मी टाकतो. हाला आता!"

बघता बघता सगळी पाटी वाटली गेली. डबेवाले गर्दीत मिसळले. फुटपाथवर तुळशीराम तेवढा उरला.

तो फोन हातात धरून बसला. 'आज डबा कुठं राहिला?' असं कुणीतरी विचारेल, वाटत होतं. फोन वाजला नाही. अंगात ताप असताना, बापाला स्मशानात पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशीही, आपण नाही गेलो तर माणसं उपाशी राहतील म्हणून त्यानं पाटी उचलली होती. आज साहेब लोकांच्या जेवणाच्या वेळेला त्यानं स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडलं. एक घास खाऊन ते परत बांधलं.

मामा घाम पुसत परतले. "पोचले सगळे. वेळेवर."

"माझं कुणी विचारलं?"

"खोटं कशाला बोलू? भुकेली माणसं ती. डबा घेतला, दार लावलं." मामा शेजारी टेकले. "माझी बायको गेली त्या दिवशीबी माझे डबे असेच पोचले होते, तुळशा. उद्यापासनं पाटी सोड. इथंच बसून डबे लाव."

हीच विश्रांती त्यानं कितीदा मनात मागितली होती. आता मिळाली, तर नकोशी वाटली.

"पाटी कुणाला देताय?"

"गेनूच्या भावाला."

"त्याला सांगा, कोपऱ्यावरच्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद असती. मागल्या जिन्यानं जा म्हणावं. पुढल्या जिन्याच्या पायऱ्या लई उंच हायेत."

"सांगतो."

दुपार कलली तशी रिकामी डबडी खणखणत येऊ लागली. गेनूने त्याच्यापुढं पहिला ढीग ओतला.

"मामा म्हणाले, तुमच्याकडं द्या."

तुळशीरामने दुखरा पाय लांब केला आणि खुणा बघत डबे वेगळे करायला घेतले.