उशीखालचा चार्जर

गल्लीच्या टोकाचे इस्त्रीवाले काका दुकान बंद करताना इस्त्रीचा प्लग ओढून काढतात आणि वायर गुंडाळून ठेवतात. नुसतं बटण बंद करण्यावर त्यांचा विश्वास नाही. घरीही तोच खाक्या. ताप बघावा तसा भिंतीतला प्रत्येक चार्जर चाचपायचा, रिकामा लटकणारा दिसला की उपटायचा.

काकू मात्र फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवायच्या. परगावी असलेल्या मुलाचा फोन ऐकू आला नाही तर?

"अगं, कापडाखाली उष्णता कोंडते! जन्म गेलाय माझा त्यात," काका कडाडले.

"तुम्हाला चार्जरचं पडलंय. पोराचा फोन चुकला म्हणजे?"



दुसऱ्या दिवसापासून फोन स्वयंपाकघराच्या मोकळ्या ओट्यावर चार्ज होऊ लागला. शेजारी खुर्ची टाकून काका राखणीला बसतात. बॅटरी भरली की प्लग काढतात आणि फोन स्वतः नेऊन काकूंच्या उशीखाली सरकवतात.

मुलाचा शेवटचा फोन कधी आला होता, हा विषय घरात निघत नाही. बॅटरी मात्र काकांनी एकदाही उतरू दिलेली नाही.