बापूंच्या स्प्रिंगा

वेदगंगेपासून मलप्रभेपर्यंतच्या मुलखात माझ्या आक्काच्या धाकट्या दिरांइतकं प्रेम स्प्रिंगवर कुणी केलं नसेल, आणि स्प्रिंगनेही दुसऱ्या कुणाला इतकं छळलं नसेल. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांचं हे घर. थोरले भाऊ, म्हणजे आमचे दाजी, पेढी बघायचे आणि धाकटे बापू गाडी बघायचे. गाडी म्हणजे एक जुनी, विलायती, बिनटपाची, दोनच माणसांची तांबडी मोटार. सत्तरच्या दशकात बेळगावला अनगोळच्या पुढच्या माळावर दिवाळीनंतर मोटारींची शर्यत व्हायची. एकेक गाडी सोडायची, चुना फासलेल्या डब्यांमधून नागमोडी पळवायची आणि घड्याळ लावून वेळ बघायची. डबा पडला की वेळ वाढली. बापूंची गाडी सरळ रस्त्याला कुणाला ऐकायची नाही, पण वळणावर अशी कलायची की बघणारे आपोआप उलट्या बाजूला झुकायचे. "बूड लई वर हाय तिचं," बापू म्हणायचे. "तीन बोटं खाली बसवली की बघा, मास्तर." मापं ते बोटांनीच घ्यायचे. मास्तर म्हणजे मी. बेळगावच्या शाळेत शिकवायचो आणि शनिवारी दुपारी निपाणीची बस धरायचो.

त्या तीन बोटांपायी बापूंनी स्प्रिंगांचा डोंगर जमवला होता. जीपच्या, टेम्पोच्या, कोल्हापूरच्या भंगारातल्या, उद्यमबागेतल्या कारखान्यात मुद्दाम वळवून घेतलेल्या. आखूड स्प्रिंग मऊ निघाली की गाडीचं पोट दगडाला घासायचं, कडक निघाली की गाडी उसळायची. एकदा माझ्या आणि आक्काच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ बघायला सगळे गेलो. बापूंनी मुलाकडच्यांच्या कोचावर दोनदा बूड उचलून आपटलं आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "डावीकडची बसलीया. जरा कडक घालून घ्या." ते स्थळ जमलं नाही. आक्काने आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला आणि बापूंना तो चौथ्या दिवशी कळला.

अखेर एका वर्षी दाजींनी निकाल दिला. "औंदा पयल्या तिनात नंबर आला तर ठीक. न्हायतर गाडी इकायची. गोदामात बोदं ठेवायला जागा न्हाय." दाजी एकदा बोलले की बोलले. बापूंच्या तोंडचं पाणी पळालं, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगात वारं शिरलं. बोद म्हणजे तंबाखूचं मोठं गाठोडं, आणि प्रत्येकावर त्याचं वजन लिहिलेलं. तीच बापूंची वजनं झाली. गोदामात स्प्रिंग उभी करायची, तिच्यावर फळी, फळीवर बोद, आणि किती बोटं दबली ते मी पाटीवर लिहायचं. सबंध श्रावण आम्ही हेच केलं. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि आत बापू एकेक स्प्रिंग "मऊ हाय ही" म्हणून भिरकावत होते. चार मनासारख्या निघाल्या तेव्हा त्यांनी त्या उराशी धरून गोदामात चक्क नाच केला.

शर्यतीच्या दिवशी पहिल्या फेरीत गाडी कलली नाही. ती उडालीच. करडासारख्या उड्या मारत तीन डबे पाडून परत आली. दुसरी आणि शेवटची फेरी अर्ध्या तासाने होती. बापू मान खाली घालून बसले. शेजारी दाजी तळहातावर तंबाखू चोळत उभे होते. त्या हाताकडे बघता बघता बापूंनी एकदम विचारलं, "अण्णा, ती बोदं कवा तोललीती?"

"चैतात. का रं?"

बापूंनी कपाळावर हात मारला. चैत्रात तोललेलं बोद श्रावणात ओल पिऊन किती जड होतं, हे निपाणीत कुणालाही कळतं. बापूंना तर चिमूटभर पान चोळून सांगता यायचं. त्याच माणसाने बोदावरचा आकडा खरा धरला होता. जास्तीच्या वजनाखाली चांगल्या स्प्रिंगाही दबल्या, त्या मऊ ठरल्या, आणि निवड झाली भलत्याच कडक स्प्रिंगांची.

शर्यतीत शेजारी एक माणूस बसवायला मुभा होती. बापूंनी दाजींना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. दाजी अंगाने एका बोदाला सहज भारी होते.

"अण्णा, गाडीत बसा. वजन कमी पडालंय."

"मी न्हाय बसत त्या डबड्यात," म्हणत म्हणत दाजी बसले. तोवर ते त्या गाडीत कधी बसलेच नव्हते. निशाण पडलं. दाजींची टोपी उडाली, धोतर फडफडलं, आणि गाडी पहिल्या वळणाला जमिनीला चिकटून अशी वळली की मी मास्तर असल्याचं विसरून माळावर ओरडत पळत सुटलो. इंजिनाच्या घरघरीवरून दाजींचा आवाज येत होता, "दाब की रं, निजलास व्हय?" एकही डबा पडला नाही.

नंबर चौथा आला. बापूंनी किल्ली दाजींपुढे धरली. दाजी अजून धापा टाकत होते. "तिसऱ्या डब्याला भ्यालास तू," ते म्हणाले. "फुडल्या साली मी सांगतो कुठं दाबायचं. ठेव ती तुझ्यापाशी."

पुढची सात वर्षं दोघे भाऊ जोडीने पळाले. डाव्या अंगाच्या स्प्रिंगा बापूंनी दाजींच्या वजनाला नेमक्या बसवून घेतल्या. रिकामी गाडी डावीकडून दोन बोटं वर दिसायची आणि दाजी बसले की सरळ व्हायची. दोनदा नंबरही आला.

दाजी गेले. तेराव्यानंतर आक्काला भेटून मी गोदामात डोकावलो, तर बापू गाडीसमोर उकिडवे बसले होते.

"मास्तर, जरा आत बसा बघू."

मी बसलो. मी आपला काडीपैलवान. बापूंनी एक डोळा मिटून गाडीचा कल पाहिला. खूप वेळ पाहिला. मी होता होईल तो अंग जड करून बसलो.

"न्हाय," ते हळूच म्हणाले. "उतरा."