बेहाल्याचा इषुकार

धनुर्धरांच्या स्तुतीने आपले वाङ्मय भरून गेले आहे. पण ज्याने बाण घडवला त्याचे नाव घेण्याचा प्रघात आपल्याकडे कधी पडला नाही. संस्कृतात त्याच्यासाठी इषुकार असा देखणा शब्द आहे. शब्द तेवढा उरला, माणसे मात्र नामशेष झाली, असेच कोणालाही वाटावे. तरीही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, कलकत्त्याच्या बेहाला वस्तीत, तळ्याकाठच्या एका बैठ्या घरात असा एक इषुकार राहत होता. चारुदत्त पेंढरकर हे त्यांचे नाव.

नवल असे की त्यांनी आयुष्यात धनुष्य हाती धरले नव्हते. वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त बंगालात आले आणि इथलेच झाले. चारुदत्तांचा जन्मही इथलाच. घरात मराठी, तळ्यावर बंगाली आणि कामावर इंग्रजी अशा तीन भाषांत त्यांचा दिवस वाटला जाई. गार्डन रीचच्या गोदीत ते जहाजांचे नकाशे काढीत. पाण्याला छेदत जाणाऱ्या नाळेची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, रेषा कुठे फुगावी आणि कुठे निमुळती व्हावी, हा त्यांच्या नित्य चिंतनाचा विषय. देवपूजेत गंधाची रेघ ओढतानाही त्यांचा हात त्याच वळणाने जातो, असे त्यांच्या पत्नी म्हणत.

धनुष्य होते ते या पत्नीचे, मंदाकिनीबाईंचे. वऱ्हाडातल्या एका व्यायामशाळेत लाठी आणि धनुर्विद्या शिकलेली ही मुलगी लग्नानंतर कलकत्त्यास आली, आणि फोर्ट विल्यमच्या बाजूला मैदानावर धनुर्विद्येचा एक क्लब भरतो असे कळताच, नऊवारीचा काष्टा घट्ट करून तिथे जाऊन उभी राहिली. लांबच्या पल्ल्यावर बाण टाकावा तो मंदाकिनीबाईंनी, असा पुढे त्यांचा लौकिक झाला. पण एका श्रावणात तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि उजवा खांदा दुखावला. डॉक्टरांनी सांगितले, खेळ चालू ठेवा, पण ताठ धनुष्य पुन्हा कधी ओढू नका. त्यांनी मऊ धनुष्य घेतले. त्या मऊ धनुष्यातून सुटलेला बाण मात्र लांबच्या लक्ष्याच्या अलीकडेच गवतात रुतू लागला.

त्या हिवाळ्यात अखिल भारतीय स्पर्धेसाठी बंगालचा महिला संघ निवडला जायचा होता. क्लबचे सेक्रेटरी बागचीबाबू मनाचे वाईट नव्हते, पण जिभेला त्यांच्या आवर नव्हता. बंगाली रीतीने ते मंदाकिनीबाईंना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत.

"बौदी, पौष सरता सरता निवड आहे," ते म्हणाले. "तुमच्या धनुष्यातून तुमचा बाण लांबच्या लक्ष्यावर पोचला, तर जागा तुमची. नाही पोचला, तरी संघाबरोबर या. चहाची व्यवस्था तुमच्याइतकी चांगली कोण करणार?"

मंदाकिनीबाई घरी आल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. चारुदत्तांनी विचारले, "काय झालं?"

"चहा करायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "जन्मभर."

हे वाक्य चारुदत्तांच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. धनुष्याला जोर आणता येत नाही, खांद्यालाही नाही. मग उरतो तो बाण. त्यांनी भात्यातला एक बाण काढून उजेडात धरला. वेताच्या सरळ दांड्यावर शंकूच्या आकाराचे जड पितळी टोक होते आणि टोकाच्या बुडाशी, दांडा फुटू नये म्हणून, जाडजूड कडे ठोकलेले होते.

"हे कोणी केलंय गं?" ते म्हणाले. "अशी कड असलेलं जहाज मी काढलं, तर मला गोदीतून हाकलून देतील. पाणी काय, वारा काय, या कडेवर येऊन आपटणारच."

"मग काढा ना तुमचं जहाज," आतून उत्तर आले. "नुसती नावं ठेवून बाण पोचत नसतो."

एवढे आव्हान पुरेसे होते. वारा डोळ्यांना दिसत नाही, पाणी दिसते. म्हणून पाण्यालाच आधी विचारावे, हा जहाजाच्या धंद्यातला शिरस्ता. चारुदत्तांनी सागाच्या तुकड्यांतून बाणाच्या टोकांचे मोठे नमुने कोरले. एका आडव्या काठीच्या दोन्ही टोकांना, कावडीला घागरी लावाव्यात तसे, दोन निरनिराळे नमुने दोरीने बांधून ते पाण्याखाली सोडायचे आणि काठी बरोबर मधोमध धरून तळ्यातून ओढत न्यायची, असा त्यांचा प्रयोग. ज्या नमुन्याला पाणी अधिक अडवी तो मागे पडे आणि काठी त्या बाजूने तिरकी होई. हरणारा कोण हे सांगायला दुसरे कोणतेही यंत्र लागत नसे.

रविवारची सकाळ उजाडली की धोतर गुडघ्यावर खोचून पेंढरकर तळ्यात. पलीकडच्या घाटावर मुखुज्जेमोशाय नावाचे निवृत्त पोस्टमास्तर ऊन खात बसत. ते ठरलेल्या सुरात हाक देत, "की दादा, माछ पेलेन?" मासे मिळाले का, हा प्रश्न. पेंढरकरांच्या घरी मासळी शिजत नाही हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होते, त्यामुळे घाटावर हशा पिके.

"अजून नाही," चारुदत्त गंभीरपणे उत्तर देत आणि नवा नमुना बांधत.

पाण्याने दिलेला निर्णय त्यांनाही अनपेक्षित होता. सुईसारखे अणकुचीदार टोक जिंकेल असा त्यांचा होरा होता; पण बुडाशी कड असलेली सुई प्रत्येक वेळी मागे राहिली. पुढे निघून गेला तो गोल नाकाचा, हळूहळू फुगत जाऊन कुठेही कड न ठेवता दांड्यात विरून जाणारा नमुना. कमळाची मिटलेली कळी देठावर बसावी, तसा त्याचा आकार होता.

मंदाकिनीबाईंनी तो ओला नमुना हातात घेऊन फिरवून पाहिला. "अहो, ही तर कळी झाली. हिनं टोचायचं कसं?"

"टोचायचं नंतर बघू. आधी पोचायचं आहे."

कळी धातूत उतरवण्याचे काम निताई कर्मकाराकडे गेले. बाजारापलीकडच्या गल्लीत त्याचा लेथ होता, आणि महायुद्धात आलेल्या विमानांचे अॅल्युमिनियमचे भंगार त्याच्या दारात पडलेले असे. त्याने त्यातून पोकळ कळ्या कातल्या. वेताचे टोक तासून बारीक केले आणि त्यावर कळी अशी बसवली की बोट फिरवले तरी सांधा लागू नये. पितळी टोकाच्या मानाने ती हातात असून नसल्यासारखी होती. "दादा, फुंकर मारली तर उडेल ही," निताई म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर अभिमान होता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मैदानावर तिची परीक्षा झाली. मंदाकिनीबाईंनी बाण सोडला. तो पूर्वीपेक्षा वेगाने सुटला खरा. पण वाटेतच शेपूट हलवू लागला, डोलला, आडवा झाला आणि चरणाऱ्या शेळ्यांच्या कळपाजवळ जाऊन लोळला. शेळ्यांनी मान वर करून पाहिले. दुसऱ्या बाणाची तीच गत, तिसऱ्याचीही.

क्लबात श्यामराव म्हणून एक सरकारी अधिकारी होते, पुण्याहून बदली होऊन आलेले. मराठी माणसाची फजिती मराठीत केल्यावाचून त्यांना राहवेना. "पेंढरकर," ते ओरडले, "बाण आणलात की पतंग? मांजा कुठाय?"

चारुदत्तांनी बाण गोळा केले. परतीच्या ट्राममध्ये नवराबायको ते बाण मांडीवर घेऊन बसली. निवड जवळ येत होती आणि होता नव्हता तो पल्लाही हातचा गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकिनीबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. शेजारी ते अपराधी बाण पडलेले. सूप रिकामे झाले तेव्हा त्यांनी सहज एक बाण उचलून सुपाच्या काठावर आडवा ठेवला. पिसांची बाजू खाली गेली. त्यांनी बाण पुढे सरकवला, आणखी सरकवला. मध्यापलीकडे गेला तरी पिसेच खाली.

"अहो, इकडे या," त्यांनी हाक मारली. "हा बाण मागे बसलाय."

चारुदत्त दाढी अर्धी टाकून आले. "बसायलाच हवा," ते म्हणाले. "मुद्दाम बसवलाय. प्रत्यंचा अडकवायला पिसांखाली शिंगाची खाच दिली, वर लाखेचा दोरा गुंडाळला. जहाज नेहमी मागच्या बाजूला थोडं बसलेलं बरं. पंखा आणि सुकाणू पाण्यात राहतात."

मंदाकिनीबाईंनी सूप बाजूला ठेवले. "मला जहाज सोडायचं नाहीये मैदानात! व्यायामशाळेत आमचे गुरुजी पहिल्या दिवशी बाण बोटावर ठेवायला लावायचे. तोंडाकडे झुकला तर भात्यात, शेपटाकडे झुकला तर चुलीत. बाणाला पंखा कुठाय? सुकाणू कुठाय? त्याला पुढून ओढणारं कोणीतरी नको का?"

चारुदत्त त्या बाणाकडे पाहतच राहिले. एका गालावर साबण वाळत होता. उभ्या आयुष्यात जी गोष्ट त्यांनी रोज बरोबर केली, तीच येथे चुकीची ठरली होती. जहाजाला मागून रेटा असतो. बाणाला एकदा प्रत्यंचेने सोडले की रेटा संपला, पुढचे नाक नेईल तिकडे त्याने जायचे. ते एकाएकी मोठ्याने हसले. विद्येचा ताठा नसलेल्या माणसालाच स्वतःच्या चुकीवर असे निर्मळ हसता येते.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तळ्याला विचारत होता."

मग दोघांनी मिळून नवा बाण योजला. शिंगाची खाच गेली. वेतालाच चीर पाडून तिच्यावर रेशमाचा एकच वेढा दिला. दांडा पिसांकडे निमुळता तासला. अॅल्युमिनियमची कळी तशीच पोकळ राहिली, मात्र तिच्या नाकाशी पोलादाचा एक लहानसा टोकदार मणी बसवायचा ठरला. सारे वजन तेवढ्या एका ठिकाणी एकवटायचे, बाकी बाण हलका.

निताईने डोके खाजवले. "पुढे वजन पाहिजे, आणि वजन नको. दादा, तुम्ही बायकोशी भांडून आलात का?"

"भांडून नाही, शिकून आलो," चारुदत्त म्हणाले. "मणी बसव."

मणी बसला. सुपाच्या काठावर बाण ठेवला, तेव्हा नम्र माणसाने मान लववावी तशी त्याने पुढे मान लववली. मंदाकिनीबाईंनी सुपाला आणि बाणाला, दोघांनाही, हळदकुंकू लावले.

निवडीचा दिवस पौषातला, निरभ्र आणि कोरडा. पूर्वेकडे चौरंगीच्या इमारती धुक्यातून वर येत होत्या, किल्ल्याच्या बाजूने बिगुलाचा आवाज आला आणि विरला. लांबच्या पल्ल्यावरचे गवती लक्ष्य तिथून थाळीएवढे दिसत होते. इतर स्त्रियांचे नेम होऊन गेले होते. सगळ्यांची धनुष्ये ताठ होती आणि सगळ्यांच्या हाती परदेशी बाण. मंदाकिनीबाई रेषेवर आल्या तेव्हा बागचीबाबूंनी हलक्या आवाजात विचारले, "बौदी, खांदा ठीक आहे ना?"

"खांदा खांद्याच्या जागी आहे," त्या म्हणाल्या. "बाण बघा."

श्यामराव मागे उभे होते. "पेंढरकर, शेळ्या हलवू का?" त्यांनी विचारले. चारुदत्तांचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते, लक्ष्याकडेही नव्हते. त्यांचे डोळे त्या कळीवर होते.

प्रत्यंचा ओढली गेली, मऊ धनुष्य वाकले, सुटले. बाण निघाला. तो डोलला नाही, शेपूट हलवले नाही; निळ्या आकाशावर एखादी रेघ कोणी हात न उचलता ओढावी, तसा तो एका दीर्घ कमानीने वर गेला, क्षणभर जणू थांबला, आणि मग नाक खाली करून, आपले ठिकाण आधीपासून ठाऊक असल्यासारखा, लक्ष्यात शिरला. गवताचा दबलेला आवाज मैदानापलीकडून आला. चारुदत्तांनी आयुष्यभर काढलेल्या हजारो रेषांत इतकी शुद्ध रेषा त्यांनी पाहिली नव्हती.

पण एक बाण दैवानेही लागतो. मंदाकिनीबाईंनी दुसरा लावला. तोही शिरला, पहिल्याच्या वरच्या अंगाला. मग तिसरा, चौथा. प्रत्येक बाणासरशी मागच्या गर्दीचा आवाज चढत गेला. शेवटचा बाण लक्ष्याच्या मध्यावरच्या सोनेरी वर्तुळात, अगदी मधोमध बसला, तेव्हा बागचीबाबू आपले धोतर सावरत लक्ष्याकडे धावत सुटले होते.

ते परत आले ते बाण हातात घेऊन. त्यांनी कळीवरून अंगठा फिरवला, सांधा शोधला; सापडला नाही. "बौदी," ते म्हणाले, "लांबचा पल्ला तुमचा. आणि चहा आज मी करतो."

"साखर कमी घाला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वऱ्हाडातल्या त्या मुलीचाच होता.

श्यामराव पुढे आले आणि चारुदत्तांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "माझेही बाण तेवढे बघा हो. विलायती आहेत, पण बुडाशी कड आहे त्यांना. आता सलायला लागलीय."

संध्याकाळी बेहाल्याला परतताना दोघे तळ्याच्या वाटेने आली. मंदाकिनीबाईंच्या खांद्यावर भाता होता. मुखुज्जेमोशाय घाटावर होतेच. त्यांनी सवयीने हाक दिली, "की दादा, माछ पेलेन?"

चारुदत्त थांबले. त्यांनी भात्यातला सोनेरी वर्तुळात रुतलेला तो बाण काढून उंच धरला. उतरत्या उन्हात कळी चमकली.

"पेयेछि, मोशाय!" ते तळ्यावरून खणखणीत आवाजात म्हणाले. "मिळाला!"

वृद्ध पोस्टमास्तर काहीच न समजताही उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.